कोरडी वरई

"ही आमची मुलगी. सवलतीतून आलीय, पण कष्टाळू आहे हं. आजचा चहानाश्ता सगळा हिच्याकडेच आहे."

सर माइकवरून बोलले. हॉल हसला. कुजकं नाही, कौतुकानं हसला, आणि तेच जास्त लागलं. मी भिंतीला पाठ लावून उभी. हातात सरांच्या सत्काराचं तबक. तबकात शाल, नारळ, गुलाबाचं फूल. आणि समोर पडद्यावर माझं चित्र.

माझं म्हणजे माझंच. एका जड अणूच्या केंद्रकाचं. हे केंद्रक तापवलं आणि जोरात फिरवलं तर ते कोणता आकार धरतं आणि कुठं फुटतं, त्याचा नकाशा. खोल जागा निळ्या, उंच जागा तांबड्या. निळा रंगसुद्धा मी निवडलेला. आमच्या धरणाच्या पाण्याचा उन्हाळ्यात असतो तसला.

पुण्याहून आलेल्या एका बाईंनी विचारलं होतं, "ही गणितं कुणी केली?" बाई या विषयातल्या मोठ्या जाणकार. सरांनी पुढच्या रांगेकडं हात केला. "हा ओंकार. माझा विद्यार्थी." ओंकार उठला, हात जोडले, बसला. मी टक लावून बघत होते. बाईंची नजर माझ्यावर गेली. म्हणून सरांनी माझीही ओळख करून दिली. ती वर लिहिली आहे.

कोपरगावकडचं एक कॉलेज, तिथला परिसंवाद. श्रावणातला सोमवार. मला तबक खाली ठेवायला जागा नव्हती.

सर पुढं बोलत होते. "केंद्रक थंड असताना आपल्या हट्टाला धरून बसतं. तापलं की मऊ होतं. आपली तांदळाची उकड असते ना, तशी. मोदक करताना बघा, उकड गरम असेल तरच पारी वळते." हॉल खूश. पुढच्या रांगेतल्या बायका माना डोलवायला लागल्या.

हे वाक्य माझं होतं. सरांच्या खोलीत, सरांच्या टेबलासमोर उभं राहून मी ते सांगितलं होतं. फक्त माझी उकड भाकरीची होती. आमच्याकडं तांदळाची भाकरी, पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं लागतं, थंड पाण्यात भिजवलं तर थापताना चिरा पडतात. सरांनी भाकरीचा मोदक केला आणि वाक्य खिशात घातलं.

मी अकोले तालुक्यातली. डोंगराच्या बाजूची. आमची ठाकरवाडी. भात खाली खाचरात, वरई आणि नाचणी वर उताराला. वाडीत दहावी झालेल्या पोरी होत्या, पण पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झालेली मी पहिली. बाच्या मनात होतं, आता पोरीनं आश्रमशाळेत मास्तरीण व्हावं. पगार येईल, पोरगी जवळ राहील. त्याचं काही चुकलं नव्हतं.

सर मला नगरला एम.एस्सी.ला शिकवायला होते. उंच, गोरे, आवाज खणखणीत. घराण्यात तीन पिढ्या शिक्षक. फळ्यावर ते केंद्रकाचे आकार काढायचे आणि मी खुळ्यासारखी बघत राहायचे. शाळेच्या पुस्तकात केंद्रक गोल असतं, गोटी काढावी तसं. सरांनी सांगितलं, ते खरं नाही. काही लांबट असतात, काही चपटी. आतले कण आपापल्या कप्प्यांत बसलेले असतात आणि ते कप्पे आकार ठरवतात. तापवलं की कप्प्यांचा धाक संपतो. फिरवलं की ते पसरतं, मग ताणतं, मग मधोमध मान येते, मग दोन तुकडे. त्या दिवशी मी वसतिगृहावर जेवले नाही. भूकच लागली नाही.

मी सरांना म्हणाले, मला हेच करायचंय. सर म्हणाले, "घरचे?" मी आश्रमशाळेचं सांगितलं.

सर घरी आले. नगरहून अकोले, अकोल्याहून जीपनं वाडी, शेवटचा चढ पायी. कोणता प्राध्यापक येतो? ही गोष्ट मी आजही नाकारत नाही. बा ओट्यावर घोंगडी अंथरून उभा, आई दारात. सर बसले आणि म्हणाले, "तुमची मुलगी मला द्या. माझी मुलगीच समजा. डॉक्टर करून परत देतो." बाला डॉक्टर म्हणजे सुया टोचणारा वाटला. मी समजावलं. सर मोकळं हसले. आम्ही सगळे हसलो.

मग आई म्हणाली, "जेवून जायाचं हां सर." सर म्हणाले, "आज सोमवार. माझा उपवास."

आईनं तेवढंच ऐकलं आणि आत गेली. उपवास म्हणजे तिच्यासाठी सोपं काम. वरई आमच्या उताराचीच. नगरकडं तिला भगर म्हणतात आणि उपवासाला खातात, हे तिला बाजारातून माहीत होतं. तिनं ताट राखेनं घासलं, पुन्हा घासलं. तूप शेजारच्या घरून आणलं. शेंगदाणे कुटून आमटी केली, त्यात कांदा-लसूण चुकूनही जाऊ नये म्हणून पाटासुद्धा धुऊन घेतला. वाफाळती वरई ताटात घालून तिनं सरांच्या पुढं ठेवली.

सर ताटाकडं बघून म्हणाले, "अरेरे. माझा निरंकार असतो हो. काहीच खात नाही मी."

आईचा चेहरा पडला. सरांनी लगेच सावरून घेतलं. "पण वरई काय सुंदर आहे! कोरडी असेल तर द्या थोडी. घरी नेऊन करीन."

आईला केवढा आनंद! कणगीतली सगळ्यात स्वच्छ वरई तिनं कापडी पिशवीत भरली. जीपपर्यंत पिशवी मीच धरली, आई पोचवायला मागून आली. ताटातली वरई बानं आणि भावानं खाल्ली. मलाही थोडी ठेवली होती. मला वाटलं, आपल्या घरी देवमाणूस येऊन गेला.

त्यानंतर दर श्रावणाला आईची पिशवी सरांकडं जायची. उखळात कांडलेली, हातानं पाखडलेली, एक खडा नाही. सर म्हणायचे, "तुझ्या आईच्या वरईची सर बाजारच्या भगरीला नाही." मी गावी फोन करून हे सांगायचे. आई पलीकडं लाजायची.

मी कामाला लागले. नुसतं वाचून होत नाही, प्रोग्रॅम लिहावा लागतो. केंद्रकाला वेगवेगळे आकार द्यायचे, प्रत्येक आकाराची ऊर्जा काढायची, तापमान वाढवायचं, फिरण्याचा वेग वाढवायचा, पुन्हा काढायची. जिथं ऊर्जा सगळ्यात कमी, तो त्याचा आकार. प्रयोगशाळेतला संगणक जुना. वीज गेली की सगळं पहिल्यापासून. मी प्रोग्रॅमचे तुकडे पाडले, म्हणजे वीज गेली तरी एकच तुकडा बुडेल. सर म्हणाले, "हुशार आहेस." मला ते पुरलं.

सरांची एक पद्धत होती. "मला नुसते आकडे दे. अर्थ मी लावतो." मी आकडे द्यायचे. एकदा मी आकड्यांबरोबर दोन पानं लिहून नेली, हे असं का होत असावं त्याची. सरांनी पानं न वाचता खणात टाकली. "अर्थ लावायची घाई करू नकोस. तुमच्या मुलांना सगळ्याचीच घाई असते." तुमच्या म्हणजे कुणाच्या, हे मी विचारलं नाही. आजकालच्या मुलांच्या, असं धरून चालले.

दोन वर्षांनी ओंकार आला. संस्थेच्या एका विश्वस्तांचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता. मी त्याला प्रोग्रॅम शिकवला, ओळ अन् ओळ. तो मला ताई म्हणायचा. डबा कधी एकत्र खाल्ला नाही, पण त्याचं मला काही वाटलं नाही. त्याची गाडी असायची, तो घरी जाऊन जेवायचा.

मग ते सापडलं.

पुस्तकं म्हणतात, इतकं जड केंद्रक इतक्या वेगानं फिरलं की चपटं होतं आणि सरळ फुटतं. माझ्या आकड्यांत ते सरळ फुटत नव्हतं. फुटायच्या आधी, वेगाच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात, ते तिसराच आकार धरत होतं. लांबी वेगळी, रुंदी वेगळी, जाडी वेगळी. तिरपागडं. जणू फुटायचं की नाही याचा विचार करत थांबलंय. मला वाटलं त्याचं कारणही कळलंय. आतले कप्पे तापल्यावर विरघळतात खरे, पण सगळे नाही. थोडा धाक शिल्लक राहतो आणि तोच त्याला धरून ठेवतो.

ते कारणही मी पुन्हा दोन पानांवर लिहून दिलं. सरांनी पानं खणात टाकली आणि आकडे बघितले. "तुझ्या प्रोग्रॅममध्ये घोळ आहे."

मी घोळ शोधला. आकारांची जाळी बारीक केली. मग आणखी बारीक. ज्यांची उत्तरं जगाला माहीत आहेत अशी केंद्रकं प्रोग्रॅममध्ये घातली, उत्तरं बरोबर आली. माझं केंद्रक परत घातलं. तिरपागडं ते तिरपागडंच. दिवाळीला मी गावी गेले नाही. सर म्हणाले, "ते बाजूला ठेव आता. नेमून दिलेलं काम कर." मी ठेवलं. खरंच ठेवलं. आपल्याला कळत नसेल, सरांना कळतं, असं म्हणून ठेवलं.

आणि आता तो आकार पडद्यावर होता. कोपरगावला, माझ्या डोळ्यांसमोर, दोन नावांखाली. सरांचं आणि ओंकारचं. खणात गेलेल्या दोन पानांतली कारणं सर वाक्यावाक्यानं बोलत होते. म्हणजे त्यांनी ती वाचली होती. नीट वाचली होती.

तरी मी सत्कार उरकला. होय, उरकला. तबक पुढं केलं, शाल दिली, नारळ दिला. सवय लई वाईट. मला वाटत होतं, सर नंतर बोलावतील. म्हणतील, अगं परिसंवादापुरतं होतं, लेखात तुझं नाव आहेच. मी मनात सरांचीच बाजू मांडत बसले होते आणि फुलाचा काटा बोटात रुतला होता.

जेवणाची सुट्टी झाली. श्रावणी सोमवार असल्यानं उपवासाचं टेबल वेगळं लावलं होतं. मी दोन दिवस आधीच आईची पिशवी सरांना दिली होती. सरांनी ती कॉलेजच्या आचाऱ्याकडं पाठवली, "माझ्यासाठी हीच करा" असं सांगून. आचारी सोवळ्यातला होता, सरांच्या ओळखीचा. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही बाजूला उभ्या राहा, मी वाढतो."

सर जेवायला बसले. ताटात वरई. पांढरीशुभ्र, मोकळी, वर तूप, शेजारी दाण्याची आमटी. दुपारचा दीड वाजला असेल. सरांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि शेजारी बसलेल्या पुण्याच्या बाईंना म्हणाले, "ही भगर खाऊन बघा. डोंगरातली आहे."

मी बघत राहिले. आधी काही कळलंच नाही. सोमवार. उपवास. वरई. हे तीन शब्द माझ्या डोक्यात नुसते पडले होते. मग आईचं घासलेलं ताट आठवलं. धुतलेला पाटा आठवला. अरेरे, माझा निरंकार असतो हो.

मला रडू नाही आलं. राग आला, आणि तो इतक्या उशिरा आला याचाही राग आला. सगळं सरळ रांगेत उभं राहिलं. वरई चालते. कोरडी चालते. आमच्या चुलीवर चढली की चालत नाही. आकडे चालतात. त्यांचा अर्थ मी लावला की घोळ होतो. तोच अर्थ सरांच्या तोंडून निघाला की सोवळ्यात येतो. पहिल्या दिवसापासून हेच चाललं होतं, आणि मी दर श्रावणाला पिशवी पोचवत होते.

सरांचं जेवण झालं. त्यांनी रिकामं ताट माझ्याकडं धरलं. न बघताच. "एवढं ठेव गं."

मी हात मागं घेतले.

ताट तसंच हवेत राहिलं. सरांनी वर बघितलं.

"सर, उपवासाला भगर चालते तुम्हाला?"

"चालते की. का गं?"

"आमच्या ओट्यावर चालली नव्हती."

सर क्षणभर खरंच विसरले होते. मग त्यांना आठवलं. ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. शेजारी बाई चमचा हातात धरून बसल्या होत्या. सर खालच्या आवाजात म्हणाले, "तू आज फार दमलीयेस. जा, पड जरा." ताट त्यांनी स्वतः खाली ठेवलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

मी पडले नाही. दुपारच्या सत्रात प्रश्नोत्तरांना मी माइक मागितला. माइक फिरवणाऱ्या पोराला वाटलं पाहुण्यांना द्यायचाय, त्यानं दिला. मी म्हणाले, "सकाळी दाखवलेली गणितं माझी आहेत. प्रोग्रॅम माझा आहे. कारण पण मीच शोधलंय. ओंकार इथंच आहे, त्याला विचारा."

सगळे ओंकारकडं वळले. तो मोबाईलमध्ये बघत होता. ज्याला मी ओळ अन् ओळ शिकवली, त्यानं मान वर केली नाही. अध्यक्षांनी माइक ओढून घेतला. "हा घरगुती विषय आहे. बाहेर बसून मिटवू."

घरगुती! ज्या घरात मला ताट उचलायला ठेवलं होतं, ते घर. पुण्याच्या बाईंकडं मी बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, माझी खात्री आहे. त्यांनी पर्स उघडली आणि चष्म्याचं घर शोधायला लागल्या.

बाहेर बसून काही मिटलं नाही. पुढं नगरला एक समिती बसली. समितीत सगळे सरांचे मित्र. एकानं विचारलं, "सरांनी तुला मुलीसारखं वागवलं ना?" मी म्हणाले, "हो, म्हणून तर." त्याला उत्तर कळलं नाही, त्यानं पुढचा प्रश्न विचारला. सरांनी माझ्या प्रगती अहवालावर सही करायचं थांबवलं. लेख छापून आला. नावं दोन. शेवटी आभार, तांत्रिक साहाय्याबद्दल, माझे. माझ्याच शोधात मला पाहुणी म्हणून बसवली. ओंकारचा मेसेज आला, "सॉरी ताई, माझा नाइलाज आहे."

मी आता एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवते. दुसऱ्या विद्यापीठात नव्या मार्गदर्शकांकडं नाव नोंदवलंय. शून्यापासून. त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं, आकडे आणि अर्थ वेगवेगळे मिळणार नाहीत. ते म्हणाले, "बघू." बघू तर बघू.

परवा गावी गेले. श्रावण तोंडावर आलेला. आई उखळापाशी बसून वरई कांडत होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. गाईड बदललाय एवढंच बाला माहीत. आईनं हात न थांबवता विचारलं, "सरांची पिशवी भरू ना?"

मी तिच्यापुढं बसले. म्हणाले, "आई, त्या दिवशी सरांचा निरंकार नव्हता. ते वरई खातात उपवासाला. आपल्या हातची नको होती त्यांना."

मुसळ थांबलं. मला वाटलं, ती रडेल. ती सुपातले खडे निवडायला लागली.

"मला ठाव हुतं," आई म्हणाली.

"काय?"

"त्याच दिशी कळलं. पानी बी पेला न्हाई तो मानूस. चढ चढून आल्ता, घामानं भिजल्ता, आन् पानी न्हाई पेला. जीपमंदी बाटली हुती त्याची."

"मग दर वर्षी पाठवत का राहिलीस?"

"तुला शिकवत हुता म्हनून." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला सांगितलं असतं तर तू ऱ्हायली असतीस का तिथं?"

मी डॉक्टर होणारी, केंद्रकाच्या पोटातले कप्पे मोजणारी. आणि माझी आई सगळं गिळून दर वर्षी त्या माणसासाठी मुसळ उचलत होती. मला शिकू द्यायचं म्हणून. माझी फी तिनं अशी भरली होती. सरांनी माझं काम घेतलं ते मी सोसलं. हे मी सोसणार नाही.

मी तिच्या हातातलं सूप घेतलं. म्हणाले, "पिशवी भरायची नाही. या घरातून कुणाला कोरडी वरई जायची नाही आता. कुणालाच. ज्याला पाहिजे त्यानं चढ चढून यावं, ओट्यावर बसावं, आपल्या तांब्यातलं पाणी प्यावं आणि तू वाढशील ते खावं. नाहीतर त्यानं वरईचं नाव काढू नये."

आई म्हणाली, "आन् तुजं शिक्षान?"

"ते पण तसंच होणार. माझ्या नावानं होईल, नाहीतर होणार नाही."

आई उठली आणि तिनं चुलीवर आधण ठेवलं. वरई आम्ही दोघींनी मिळून शिजवली आणि सगळी खाल्ली. जेवण झाल्यावर मी ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला. तेच केंद्रक पुन्हा घातलं.